जोकर माशांचा पंप ऑपरेटर

सहकारी साखर कारखान्यातून मी पंप ऑपरेटर म्हणून निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात मला शाल, नारळ आणि 'यंत्रसामग्रीची निष्ठेने सेवा केल्याबद्दल' असं कोरलेलं स्टीलचं ताट मिळालं. ज्या यंत्रसामग्रीची मी सेवा केली ती मुठीत मावत होती. काचेच्या पेटीतल्या माशांना हवा पुरवणारा पंप, एवढंच माझं यंत्र. चेअरमनसाहेबांना बंगल्यावर मासे पाळायचे होते आणि कारखान्यात 'मासे सांभाळणारा' असं पद नव्हतं. तेव्हा कुणीतरी हुशार माणसानं विचारलं, "माशाला पंप लागतो का?" लागतो म्हटल्यावर माझी ऑर्डर निघाली.

हे काम मी मुंबईत शिकलो. तिथं कासीमभाई नावाचे उस्ताद होते, त्यांचं रंगीत माशांचं दुकान होतं. त्यांच्याकडं पेट्या घासता घासता मी मासे वाढवायला शिकलो आणि गावाकडं परतलो. आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता. तिथं मासे पाळणारा एक म्हणून माझी ख्याती झाली, कारण दुसरा नव्हताच. सुटीच्या दिवशी मी लोकांच्या घरच्या पेट्या सांभाळायचो.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. मुरुम गावच्या एका आडत्याच्या घरी कांदासुद्धा चालत नसे, पण दिवाणखान्यात मासे हवे होते. "आमच्या घरात त्यांनीबी शाकाहारीच ऱ्हायचं," अशी अट होती. मासा जिवंत अळी खाल्ल्याशिवाय अंडी धरत नाही. मी बारीक लाल अळ्या डबीतून न्यायचो आणि 'लाल शेवया' म्हणून सांगायचो. घरच्या आजींनी एकदा डबीत डोकावून विचारलं, "ह्या शेवया वळवळत्यात कशा?" मी म्हटलं, "ताज्या हायत, आजी." त्यांनी समाधानानं मान हलवली.

दुसरी पेटी एका आरोग्य केंद्रातली. डॉक्टरांनी हौसेनं गप्पी मासे ठेवले आणि पेटी नेमकी कुटुंब नियोजनाच्या पाटीखाली मांडली. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते आणि ती थांबता थांबत नाही. ऑपरेशनला आणलेल्या बाया पाटी वाचायच्या आणि खाली पेटीकडं बघून पदराआड हसायच्या. शेवटी डॉक्टरांनीच मला पेटी हलवायला सांगितली.

तर मासे वाढवणं अवघड नसतं. अवघड होता तो चेअरमनसाहेबांचा जोकर मासा.

ऐंशीनंतरच्या दुष्काळातली ही गोष्ट आहे. साहेबांचं नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं राजकारणात आहेत. साहेब मुंबईला गेले असताना एका व्यापाऱ्यानं त्यांना नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी भेट दिली. हा मासा समुद्राचा आणि त्याला समुद्राचंच पाणी लागतं. साखर घेऊन मुंबई बंदरात जाणारे ट्रक रिकामे परत यायचे, त्यात साहेबांनी समुद्राचं पाणी भरलेली प्लास्टिकची पिंपं आणायची व्यवस्था केली. जिल्ह्यात माणसांना टँकर मिळत नव्हता आणि माशांना पाणी मुंबईहून येत होतं. मला त्याची लाज वाटायची. पण पगार त्याचाच होता आणि खोटं कशाला बोलू, मासेही मला आवडायचे.

पहिल्याच दिवशी साहेबांनी संचालक मंडळाला मासे दाखवले. "भीमराव, मोठा हाय त्यो नर आन् बारकी ती मादी. बरोबर?"

"न्हाय साहेब. मोठी ती मादी. बारका त्यो नर."

"उलटं कसं?"

"ह्यांच्यात असंच हाय. सगळी सत्ता तिची. त्यानं आगाऊपणा केला की ती चावा घेती. आन् ती मेली तर ह्योच नर पुढं मादी हुतो आन् तिची गादी चालवतो. मला उस्तादांनी सांगितलंय."

व्हाइस चेअरमन चहा पीत होते, त्यांची बशी ओठाशीच थांबली. साहेब त्यांच्याकडं बघून म्हणाले, "ऐकलं का? चेअरमन व्हायचं तर आधी बाई व्हावं लागतंय." आतून बाईसाहेबांचा आवाज आला, "व्हा की. कारभार तरी नीट हुईल."

समुद्रात हा मासा एका फुलासारख्या प्राण्याच्या आसऱ्यानं राहतो. तो प्राणी प्रवासातच मेला होता. म्हणून मी आमच्या घरच्या फुटक्या रांजणाचं एक खापर पेटीत तिरकं उभं केलं. जोडीनं त्यालाच घर मानलं. काही महिने गेले आणि एका सकाळी नर ते खापर तोंडानं घासून स्वच्छ करताना दिसला. दुपारपर्यंत खापराच्या मागच्या अंगाला नारंगी अंड्यांचा ठिपका उमटला. बंगल्यात कुणालाच पत्ता नव्हता, आणि त्याच दुपारी आमच्या वस्तीतली माणसं साहेबांना भेटायला आली.

आमची वस्ती बेंबळीच्या वाटेला आहे. आम्ही बौद्ध. गावच्या विहिरीनं तळ गाठला होता. बायांना हंडे घेऊन लांबच्या मळ्यात जावं लागायचं आणि मळेवाल्याच्या मनात आलं तरच पाणी मिळायचं, नाहीतर रिकामे हंडे घेऊन परत. कारखान्याकडं बोअर पाडायची गाडी होती, तीच मागायला सगळे आले होते. पुढं माझी गया आत्या होती. नवऱ्यामागं माहेरी आलेली, अंगानं काटकुळी आणि जिभेनं वस्तीची सरपंच.

आत्याचा साहेबांवर एक जुना राग होता. दर निवडणुकीला साहेब वस्तीत यायचे, खुर्चीवर बसायचे, सगळ्यांची नावानिशी चौकशी करायचे. आत्या पाण्याचा तांब्या पुढं करायची. साहेब हात जोडायचे, "आत्ताच घेऊन निघालोय." चहा आणला तर म्हणायचे, "डॉक्टरनं बंद केलाय." त्यांचा डॉक्टर फक्त आमच्याच वस्तीत चहा बंद करतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या दुपारी साहेब म्हणाले, "गयाबाई, बोअर म्हंजी काय खायचं काम हाय का? गाडी एक, मागणारी गावं ढीगभर." आणि हसत हसत त्यांनी पेटीकडं बोट केलं. "ह्या जोकराला उस्मानाबादेत पोरं झाली की तुमच्या वस्तीत बोअर. शब्द हाय माझा."

संचालक खो खो हसले. रेडा व्याल्यावर देतो म्हणावं, तसंच ते होतं. मी पेटीमागं उभा होतो, पाणी उपसायची नळी तोंडात धरून, आणि माझ्या नाकासमोर ती अंडी होती. मला हसू फुटलं आणि घोटभर समुद्र माझ्या घशात गेला. खोकत खोकतच मी विचारलं, "साहेब, नक्की?"

"नक्की म्हंजी नक्की!"

दारातून बाईसाहेब म्हणाल्या, "म्या बी ऐकलंय."

मग मी खापर फिरवून दाखवलं. साहेबांनी वाकून अंडी बघितली. ते मुरलेले होते, लगेच सावरले. "अंडी म्हंजी पोरं न्हाईत, भीमराव. अंगावर पट्टं उमटलेलं पोरगं दाखव. मग बोलू."

बोलणं बरोबर होतं, तेच तर अवघड असतं. गप्पीचं पिल्लू जन्मताच कुटलेलं खाणं खातं. जोकराचं पिल्लू नुसते दोन डोळे आणि एक दोरा असतं. त्याला जिवंत खाणं लागतं आणि ते त्याच्या तोंडात मावेल इतकं बारीक लागतं. आई-बापाच्या पेटीत ठेवलं तर तेच त्याला गिळतात. म्हणून आधी समुद्राचं पाणी उन्हात ठेवून हिरवं करायचं, त्या हिरव्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वाढवायचे आणि ते पिल्लांना घालायचे. त्या जिवांची बाटली कासीमभाईंनी मिठागरातून भरून पाठवली होती. पाणी हिरवं व्हायला मी चिमूटभर युरिया टाकायचो. दुष्काळात आमच्याकडं एक गोष्ट फुकट आणि मुबलक होती, ती म्हणजे ऊन.

बंगल्याच्या अंगणात हिरवी घाण नको, असं बाईसाहेबांनी बजावलं. त्यामुळं हा सगळा कारखाना मी वस्तीतल्या माझ्या अंगणात मांडायचं ठरवलं, पेटीतल्या पाण्याच्या दोन बरण्या तिथं उन्हात हिरव्या व्हायला ठेवल्या, आणि मुंबईला जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला सांगितलं, "ह्या खेपेची पिंपं माझ्या घरी उतरव." अंडी फुटायला आली तसं मी ते खापर बादलीत घालून घरी आणलं. इकडं पेटीतला नर रिकाम्या जागेला परांनी वारा घालत राहिला. अंडी असताना तो असाच रात्रंदिवस वारा घालतो, खराब अंडं उचलून टाकतो, तिकडं मादी नुसती गस्त घालते. त्याला काय कळणार, पोरं कुठं गेली ते? त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पिंपं आली तेव्हा मी बंगल्यावर ड्युटीला होतो. संध्याकाळी सायकलवरून वस्तीत शिरलो तर पिंपं माझ्या दारात आडवी पडलेली आणि कोरडी ठणठणीत. कारखान्याचा ट्रक, त्यातून पाण्याची पिंपं उतरली, तीही वस्तीत. साहेबांनी बोअर दिला नाही पण पाणी तरी धाडलं, असाच कुणाचाही समज होणार. आत्यानं रांग लावली होती आणि भांडण न होता घरटी सारखं पाणी वाटून टाकलं होतं. आमच्या वस्तीत पाण्याचं वाटप इतकं शिस्तीत त्याआधी कधी झालं नव्हतं.

आता वस्तीभर नुसता गलका होता. "माझी डाळ शिजंना झालीय!" "म्हस तोंड लावंना!" पोरं ठिकठिकाणी थुंकत होती. एक म्हातारबुवा तेवढे खूश होते, "कालवणात मीठ टाकायचं काम न्हाय." आत्या मधोमध उभी होती, बंगल्यावर मोर्चा न्यायला पदर खोचून.

"भीम्या, तुझ्या साहेबानं पाणी न्हाय, मीठ धाडलंय आमच्या तोंडावर माराय!"

"आत्या, ते पाणी तुमच्यासाठी नव्हतंच. माशांच्या पिल्लांसाठी हाय. समुद्राचं हाय ते."

वस्तीत समुद्र बघितलेला मी एकटाच. आत्या म्हणाली, "एवढं मोठं पाणी आन् पिता येत न्हाय? मग मुंबईची माणसं त्याला काय बघाय जात्यात?"

मी सगळं समजावून सांगितलं. पिल्लं जगली आणि त्यांच्या अंगावर पट्टे उमटले तर बोअर. पाणी नसेल तर पिल्लं नाहीत, आणि बादलीतली अंडी आज-उद्या फुटणार. पुढचा ट्रक कधी येईल ह्याचा नेम नव्हता. आत्यानं एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि ओरडली, "आणा गं सगळं माघारी! शिजंना झालेली डाळ ठेवा, बाकी आणा!"

दुष्काळात बायांनी घरात आलेलं पाणी पुन्हा बाहेर आणून ओतलं. पण सगळं मला चालणार नव्हतं. तांब्यापितळेचा अंश उतरलेलं पाणी ह्या पिल्लांना विष असतं. मातीच्या घागरी, प्लास्टिकच्या बादल्या चालतील, तांब्याचं भांडं नाही, असं मी सांगितलं. आणि आत्या तर डोक्यावर आपल्या लग्नातला तांब्याचा हंडा घेऊन, चिंचेनं घासून लख्ख केलेला, सगळ्यांत पुढं उभी होती.

"आत्या, तुमचं पाणी न्हाय चालायचं."

"का?"

"हंडा तांब्याचा हाय. पिल्लं मरतील."

आत्यानं हंडा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवले. "आमच्या भांड्यातलं पाणी तुझ्या माशाला चालत न्हाय व्हय? ह्यो मासा बी चेअरमनच्याच जातीचा दिसतोय!"

सगळी वस्ती हसली. मीही हसलो, पण ते बोलणं मला लागलं. पाणी टाकून द्या म्हटलं तर आत्या फिस्कारली, "दुष्काळात पाणी फेकायचं न्हाय. लागंल कुणाला तरी." तिनं ते पाणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी माळ्यावर ठेवून दिली.

अंडी दिवेलागणीनंतर फुटली. दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती माझ्या अंगणात. भिंग हातोहात फिरत होतं. "नुसतं डोळंच हायत की रं!" आत्या म्हणाली. पिल्लांना सतत हवा लागते आणि वीज तर पाहुण्यासारखी यायची. मी ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून तिला बारीक नळी जोडली. वीज गेली की ट्यूबमधून हवेचे बुडबुडे सुरू. सायकलच्या पंपानं ट्यूब फुगवायची पाळी बायांनी लावून घेतली. पंप ऑपरेटर म्हणून पगार मी खाल्ला, खरा पंप त्यांनी मारला.

तरी पिल्लं मरत होती. रोज सकाळी तळाशी पांढरी धूळ दिसायची आणि ती मी नळीनं ओढून काढायचो. हंडे घेऊन मळ्याकडं जाताना बाया अंगणात डोकावायच्या, माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि पुढं जायच्या. ह्या कामात माझी पिल्लं आधीही मेली होती, पण बोअर बुडेल अशी कधी मेली नव्हती.

मग एका दुपारी आत्याची हाक आली. "भीम्या, बघ रं! ह्याच्या डोक्याला कुणी पट्टी बांधलीया!"

डोळ्यांमागं पांढरी पट्टी होती. बारीक, पण पट्टी. दोन-चार दिवसांत इतरांनाही उमटली. बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं वाचली होती आणि दोरे जाऊन त्यांचे छोटे जोकर झाले होते. मी बाहीनं डोळे पुसले. आत्या माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "रडतोस काय? जा, साहेबाला नातवंडं दाखवून ये."

काचेच्या बरणीतून मी ती बंगल्यावर नेली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मुंबईसनं आणलीस व्हय?"

मी काही बोलायच्या आत व्हाइस चेअरमन उठून उभे राहिले. "साहेब, शब्द म्हंजी शब्द. आमी समदी साक्षीला व्हतो." त्यांना आमच्या वस्तीचा एवढा कळवळा कधीपासून, ते मी विचारलं नाही. बाईसाहेबांनी तर थेट बोअरच्या गाडीच्या ड्रायव्हरलाच हाक मारली.

पिल्लांचं पुढं फार चांगलं झालं नाही. साहेबांनी ती संचालकांना वाटली. एकाच्या घरी 'बिचाऱ्यांना खारट लागत असंल' म्हणून कुणीतरी पेटीत गोडं पाणी ओतलं आणि ती गेली. बाकीची पुढं कुठं कुठं संपली, मलाही कळलं नाही. एवढ्या कष्टानं वाढवलेली पोरं दुसऱ्याच्या घरी द्यायला नको होती. पण ती माझी थोडीच होती?

बोअरची गाडी मात्र आली. आधी नुसता फुफाटा उडाला, मग पांढरा चिखल आणि मग पाणी. आत्यानं ओंजळभर चाखलं आणि मान हलवली. आमच्या भागातल्या मानानं अमृतच. हातपंप बसला आणि साहेबांनी उद्घाटन ठरवलं. मंडप, हार, उस्मानाबादचा फोटोग्राफर, सगळं संचालक मंडळ. साहेबांनी भाषण दणकून ठोकलं. "ह्या वस्तीला गोड पाणी देण्याचा शब्द मी दिला होता, तो पाळला!" जोकराचं नाव त्यात नव्हतं.

भाषण संपलं आणि आत्या पुढं आली. हातात चिंचेनं घासलेला तांब्याचा तांब्या. "साहेब, पयलं पाणी तुमी घ्या."

साहेबांचे हात सवयीनं जोडले गेले. "आत्ताच घेऊन..." पण फोटोग्राफर ओरडला, "साहेब, पाणी पिताना एक पायजे!" पाण्याचं उद्घाटन करायला आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणता येईना. साहेबांनी हसून तांब्या तोंडाला लावला आणि चांगला मोठा घोट घेतला.

मी त्यांच्या अगदी जवळ होतो. त्यांचे डोळे मोठे झाले, गालफडं फुगली. मी आत्याकडं बघितलं. ती पदर नीट करत होती. बाया ओळीनं उभ्या होत्या आणि एकीच्याही तोंडावरची रेघ हलत नव्हती. लोणच्याची बरणी माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

"कसं हाय साहेब?" आत्यानं गोड आवाजात विचारलं. "आमच्या हातचं तुमी पयल्यांदाच प्यालाव."

साहेबांनी एकदा हातपंपाकडं बघितलं, एकदा फोटोग्राफरकडं. व्हाइस चेअरमन मान पुढं काढून वाट बघत होते. खारट म्हणावं तर बोअर वाया गेला आणि भाषणही. थुंकावं तर आमच्या तांब्यातलं पाणी सगळ्यांदेखत थुंकल्यासारखं. साहेबांनी डोळे मिटून तो घोट गिळला.

"गोड हाय," ते म्हणाले. "लई गोड."

"मग घ्या की आजून," आत्या म्हणाली.

आणि त्यांनी घेतलं. दुसरा घोटही गिळला. मग तांब्या माझ्या हातात कोंबून ते झपाझपा हातपंपाकडं गेले, स्वतःच दांडा हाणला, ओंजळ लावली आणि प्यायले. आमच्या हंड्याघागरींच्या गराड्यात उभे राहून, सदरा भिजेपर्यंत, साहेब आमच्या वस्तीत पोटभर पाणी प्यायले. फोटोग्राफरनं तोच फोटो घेतला.

गाडीत बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "भीमराव, पयलं पाणी मुंबईचं व्हतं का रं?"

"व्हय साहेब."

साहेबांनी भिजलेल्या सदऱ्याचं पाणी पिळलं. "मासा कसा ऱ्हातोय ह्यात?" एवढंच म्हणाले आणि गाडी निघाली. त्यानंतर ते वस्तीत आले की पाणी घ्यायचे, मात्र पंपावरनं डोळ्यांदेखत भरून आणलेलं.

संध्याकाळी मी आत्याच्या घरी गेलो. लोणच्याची बरणी धुऊन दारात उपडी घातली होती. नव्या पाण्यानं भरलेला तांब्याचा हंडा चुलीजवळ होता. आत्या भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

"म्हणलं नव्हतं," ती म्हणाली, "लागंल कुणाला तरी?"